पहिलीतलं पोर थेट तिसरीत. मनाची हजेरी मात्र कुणी घेतली नाही

बीदर/कलबुर्गी : देशातला पहिला कोरोना मृत्यू मार्च 2020 मध्ये कलबुर्गीतच नोंदला गेला. तेव्हा बंद झालेले पहिली ते पाचवीचे वर्ग कर्नाटकात उघडले ते 25 ऑक्टोबर 2021 ला. पहिलीतून घरी गेलेलं पोर परतलं ते तिसरीत बसायला.

मधल्या काळात घरात काय होतं? पुणे, मुंबई, हैदराबादहून काम सुटून आलेला बाप, एकच मोबाईल, खर्चावरून रोजची कटकट. दूरदर्शनच्या 'चंदना'वर धडे लागायचे, पण मुख्यतः कन्नडमधून. भालकी, औराद, बसवकल्याणच्या मराठी शाळांतल्या लहान पोरांना त्यातलं किती कळणार? पोरं चिडायची, अंथरूण ओलं करायची, गप्प व्हायची. आपण 'हट्टी झालंय' म्हणून मोकळे झालो.

राहिलेल्या अभ्यासासाठी सरकारने 2022-23 मध्ये 'कलिका चेतरिके' आणलं, ते बरंच केलं. मनासाठीची 'टेली-मानस' हेल्पलाईन (14416) ऑक्टोबर 2022 मध्ये आली, तोवर प्राथमिक शाळा उघडून वर्ष होत आलं होतं. हा नंबर आज किती शाळांच्या भिंतीवर आहे? पालकसभेत मार्कांच्या आधी पोराची झोप आणि जेवण विचारलं, तरी सुरुवात होईल. त्याला निधी लागत नाही.