नंबर मिळाला, पैसे कधी मिळणार?

परवा ऑफिसखालच्या टपरीवर आमचं नेहमीचं काम चालू होतं, म्हणजे चहा पीत देश सुधारणे. टपरीवाल्याने क्यूआर कोड काढून ठेवलेला, "कॅशच द्या साहेब" म्हणाला. 2025 च्या जुलैमध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदी बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या, तेव्हा तिथेही बऱ्याच जणांनी हेच केलं होतं. टीममधला मित्र भडकला. "आपला टॅक्स पगार हातात यायच्या आधी कापतात आणि हे बुडवणार! सगळ्यांना एकदा सिस्टिममध्ये आणा, बघ कसे मोठे होतात."

मी मान डोलावणार होतो, तेवढ्यात मामा आठवला.

मामाचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. पत्र्याचे ब्रॅकेट बनवतो, आठ माणसं. जीएसटी नंबर आहे, उद्यम नोंदणी आहे, रिटर्न वेळेवर. म्हणजे आमच्या मित्राच्या स्वप्नातला उद्योजक. नंबर घेतला म्हणून मोठ्या कंपन्यांचं काम मिळालं, हे मामाही मान्य करतो. पण पुढचं ऐका.

मामा 1 लाखाचं बिल करतो, वर 18 टक्के म्हणजे 18,000 जीएसटी. 60,000 चा पत्रा घेताना भरलेले 10,800 वजा जाता 7,200 उरले. ते पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत सरकारला भरायचे. कंपनी पैसे देते 90 दिवसांनी, कधी 120. महिन्याला अशी दहा बिलं धरा, 72,000 झाले. न मिळालेल्या पैशांवरचा हा कर मामा बँकेच्या सीसीतून, व्याजाने काढून भरतो.

आता खरी गंमत. मामाने बिल अपलोड केलं आणि कर भरला की ती कंपनी त्याचं क्रेडिट घेऊन मोकळी! मामाला पैसे द्यायला कायद्याने तिला 180 दिवस आहेत, तोवर क्रेडिट परत करावं लागत नाही. म्हणजे व्याज कोणाचं, वापर कोणाचा?

कोणी म्हणेल, 45 दिवसांचा कायदा आहे ना? आहे की, 2006 पासून. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजही आहे. मी मामाला म्हटलं, "तक्रार कर ना." तो हसला. "तक्रार केली तर व्याज मिळेल रे, पुढची ऑर्डर कोण देणार?" आयकरातही 2024 पासून तरतूद आली, की अशी थकबाकी खर्चात धरू देणार नाही. पण 31 मार्चच्या आत पैसे दिले की सुटका. बाकी वर्षभर रान मोकळं.

गेल्या वर्षी मामाने दुप्पट कामाची ऑर्डर नाकारली. दुप्पट काम म्हणजे कर दुप्पट आणि आधी, पैसे दुप्पट पण नंतर. मधली फट कोण भरणार? मशीन नाही, माणसं नाहीत, वाढ नाही. आणि आपण एसीत बसून म्हणणार, भारतातला छोटा उद्योग छोटाच का राहतो बुवा!

हा काही आपल्यापुरता प्रकार नाही. श्रीलंकेत अर्थतज्ज्ञांनी छोट्या व्यावसायिकांना नोंदणीसाठी चक्क पैसे देऊन पाहिलं. ज्यांनी नोंदणी केली त्यांच्यातल्या मोजक्यांचाच नफा चांगला वाढला, बहुतेक होते तिथेच राहिले. नोंदणी हा दरवाजा आहे. आत जेवण वाढलेलं असतंच असं नाही.

नोंदणी नको असं मी म्हणत नाहीये. कर भरायलाच हवा. पण छोट्याला पैसे मिळतील तेव्हा कर लावा आणि मोठ्यालाही पैसे दिल्यावरच क्रेडिट द्या. मग बघा बिलं कशी पटापट निघतात! अशक्य वाटतंय? जुन्या सेवाकरात 2012 पासून व्यक्ती आणि भागीदारी संस्थांना 50 लाखांपर्यंतच्या सेवांवर पैसे आल्यावर कर भरायची सोय होती. ब्रिटनमध्ये छोट्यांना व्हॅट असाच भरता येतो.

असो. चहाचे पैसे मित्राने तिथल्या तिथे दिले, कुरकुरत का होईना. मी त्याला एवढंच विचारलं, "हेच 120 दिवसांनी दिले असतेस तर उद्या इथे टपरी असती का?"