पेटंट कुणाचे, प्राण कुणाचे?

२०२२ साली केरळ उच्च न्यायालयात एका महिला रुग्णाने याचिका दाखल केली. तिला स्तनाचा कर्करोग होता. तिच्यासाठी आवश्यक असलेल्या रिबोसायक्लिब या औषधाचा खर्च दरमहा सुमारे ५८ हजार रुपये होता. औषधाचे पेटंट नोव्हार्टिस या स्विस कंपनीकडे. त्यामुळे भारतीय उत्पादकाचे हात बांधलेले. सरकारने सक्तीचा परवाना देऊन स्वदेशी उत्पादनाची वाट मोकळी करावी, एवढीच तिची मागणी होती. निकालाआधीच, सप्टेंबर २०२२ मध्ये, तिचे निधन झाले. प्रश्न एकटीचा नाही हे ओळखून न्यायालयाने ते प्रकरण स्वतःहून पुढे चालू ठेवले.

प्रश्न खरोखरच एकटीचा नाही. जागतिक कर्करोग नोंदींच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि ९८ हजारांहून अधिक स्त्रिया दगावल्या. रोग पुढच्या टप्प्यात गेलेल्या स्त्रीला नवी औषधे आयुष्याची काही वर्षे देऊ शकतात. ती वर्षे कुणाला मिळावीत, हे वैद्यक ठरवीत नाही. घरातील शिल्लक ठरविते. मातृशक्तीचा जयजयकार करणाऱ्या समाजाला हे शोभणारे आहे काय?

संशोधनावर अफाट खर्च होतो, त्याचा मोबदला कंपन्यांना मिळायलाच हवा, असा युक्तिवाद केला जातो. मोबदला द्यावा, पण खंडणी का द्यावी? मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी बायर कंपनीच्या सोराफेनिब या कर्करोगावरील औषधासाठी नॅटको या भारतीय कंपनीस सक्तीचा परवाना दिला. २ लाख ८० हजार रुपयांचे महिन्याचे औषध ८,८०० रुपयांवर आले. बायरला स्वामित्वशुल्कही मिळाले. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय उचलून धरला. ना आभाळ कोसळले, ना संशोधन थांबले.

स्तनाच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅबची कथाही बोलकी आहे. २०१२-१३ मध्ये रुग्ण आणि कार्यकर्त्यांनी त्यासाठी मोहीम उभारली. २०१३ मध्ये रोश कंपनीने भारतातील पेटंटवरील हक्क सोडला, २०१४ मध्ये देशी पर्याय बाजारात आला आणि २०१५ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत गेले. रुग्ण संघटित झाले की व्यवस्था हलते, हा याचा धडा.

मग अडते कुठे? सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅनसह तीन कर्करोग औषधांवरील सीमाशुल्क माफ झाले. पण कंपनीने ठरविलेल्या किमतीवरचा कर हटविल्याने मूळ किंमत उतरत नाही. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे कवच आहे. मात्र तिची रचना रुग्णालयातील उपचारांभोवती आहे. वर्षानुवर्षे घरी घ्यावयाच्या महागड्या गोळ्या त्या चौकटीत सहज बसत नाहीत. आणि मक्तेदारीच्या भावाने सरकारी तिजोरीतून औषधे घेणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. आधी किंमत पाडावी, मग सरकारने खर्च उचलावा; हाच क्रम योग्य आहे.

हे अशक्य नाही. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने ४० औषधांची एकत्रित खरेदी करून सुमारे १,३२० कोटी रुपये वाचविले. नुसत्या एकजुटीने हे साधते, तर पेटंट कायद्यातील कलम ९२ आणि कलम १०० ही शस्त्रे म्यानात का गंजत आहेत? जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात कंपन्यांनी स्वेच्छेने दिलेल्या परवान्यांचा मार्ग श्रेयस्कर मानला आहे. कंपनीच्या मर्जीवर भारतीय स्त्रीचे प्राण टांगण्याची ही भाषा स्वदेशीच्या विचाराशी सुसंगत नाही. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून हे बोलायचे नाही, असा संस्कार दत्तोपंत ठेंगडींनी कार्यकर्त्यांना दिलेला नाही. सरकार कुणाचेही असो, बौद्धिक संपदेच्या नावाखाली येणाऱ्या आर्थिक पारतंत्र्याविरुद्ध ते ठामपणे उभे राहिले होते.

परळच्या नाना पालकर स्मृती समितीत बाहेरगावच्या रुग्णांना निवारा आणि आधार मिळतो. ती सेवा वंदनीय आहे. परंतु ५८ हजारांची खिंड सेवाभावाने बुजत नाही. ती राज्यसत्तेनेच बुजवायची असते. म्हणून शाखाशाखांतून, महिला मंडळांतून, ग्राहक चळवळीतून खासदारांपर्यंत एकच मागणी गेली पाहिजे: जीवरक्षक औषधाला सक्तीचा परवाना, देशभर एकत्रित खरेदी आणि गरजू रुग्णास ते विनामूल्य. ही भीक नव्हे. कर भरणाऱ्या, मत देणाऱ्या आणि घर सांभाळणाऱ्या स्त्रीचा तो हक्क आहे.