शंभर रुपये, नाव आणि पावती

2019 च्या विधानसभेचं मतदान 21 ऑक्टोबरला होतं. वीस तारखेच्या रात्री साडेअकराला आमच्या दाराची कडी वाजली. ओळखीचाच पोरगा होता, गल्लीतला, लहानपणी आमच्या दारात क्रिकेट खेळलेला. हातातली यादी पाहत त्याने विचारलं, "चाची, तुमच्या घरात पाच मतं ना?" आणि एक पांढरं पाकीट अम्मीच्या हातात ठेवून तो पुढच्या दाराला गेला. आत पाचशेच्या पाच नोटा होत्या.

मी म्हणालो, परत करू. भाभी म्हणाली, "परत केलं की यादीत आपल्या नावापुढे खूण होणार. उद्या नळाचं, रेशनकार्डाचं काम घेऊन कुणाकडे जाणार?" तिला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. लोक पाकीट लालचीपोटी घेतात असं आपण सुशिक्षित मंडळी सहज बोलून जातो. बरेच जण ते भीतीपोटी घेतात, हे मला त्या रात्री कळलं. अम्मी काहीच बोलली नाही. ते पैसे कब्रस्तानाच्या भिंतीच्या चंद्यात दिले, असं तिने मला सहा महिन्यांनी सांगितलं.

2024 च्या विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं. 4 तारखेला माघारीची मुदत संपली, 288 मतदारसंघांत कोण कोण मैदानात आहे ते पक्कं झालं. म्हणून हे संपादकीय पैशांबद्दल आहे आणि सरळच सांगतो, पैसे मागण्यासाठी आहे. आमच्यासाठी नाही. आमच्या चळवळीच्या खात्यात या कामासाठी एक रुपयाही पाठवू नका, आम्ही तो घेणार नाही. तुमच्या मतदारसंघात तुम्हाला पटणारा जो उमेदवार असेल, त्याच्या निवडणूक खात्यात शंभर रुपये टाका, एवढंच मागणं आहे. जमत असेल तर पाचशे टाका. पन्नास टाकलेत तरी चालेल.

मोहल्ल्यातल्या माणसाला चंदा शिकवावा लागत नाही. मशिदीचं छत, मदरशाच्या पोरांची पुस्तकं, कुणाच्या बायपासचं बिल, कुणाच्या यतीम मुलीचं लग्न, पुराच्या वेळी सांगली-कोल्हापुरात पाठवलेले टेम्पो, सगळं चंद्यावर झालं. शेजारच्या गल्लीत त्यालाच वर्गणी म्हणतात आणि गणपतीची पावती आपल्याकडेही फाडली जाते. निवडणूक आली की मात्र हाच देणारा समाज घेणारा होतो. झेंडे त्यांचे, जेवणावळ त्यांची, रिक्षा त्यांची, पाकीट त्यांचं. पाच वर्षांत एकदा आपण दात्याचे याचक होतो आणि मग पाच वर्षं तक्रार करतो की नेता आपलं ऐकत नाही. तो ज्यांचं देणं लागतो त्यांचं ऐकतो. आपला हिशेब त्याच्या लेखी वीस तारखेच्या रात्रीच चुकता झालेला असतो.

विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात खर्चाची मर्यादा 40 लाख रुपये आहे. हा आकडा नाक्यावरच्या कुठल्याही चहावाल्याला सांगा, तो हसेल. त्याच्या समोरून रोज जाणाऱ्या गाड्यांचा हिशेब त्याला आपल्यापेक्षा चांगला येतो. शिवाय ही मर्यादा फक्त उमेदवाराला आहे. पक्षाने स्वतःच्या सर्वसाधारण प्रचारावर किती उधळावं, याला कायद्यात काहीच मर्यादा नाही. स्टार प्रचारकांचं हेलिकॉप्टरही उमेदवाराच्या हिशेबाबाहेर. मग तिकीट कुणाला, हा प्रश्न येतो तेव्हा 'निवडून येण्याची क्षमता' हा शब्द पुढे केला जातो. ज्यांनी पक्षाच्या कचेरीत मुलाखत दिली आहे, त्यांना या शब्दाचा अर्थ माहीत आहे. पहिला प्रश्न असतो, किती लावणार?

2011 च्या जनगणनेनुसार राज्यात साडेअकरा टक्के मुसलमान आहेत. 2019 च्या विधानसभेत 288 पैकी दहा आमदार मुस्लिम होते आणि 2024 च्या लोकसभेत महाराष्ट्रातून एकही मुस्लिम खासदार गेला नाही. यामागे द्वेष आहे, मतांची गणितं आहेत, आपसातली फाटाफूट आहे. पण 'किती लावणार' हा प्रश्नही आहे. तो प्रश्न विणकराच्या मुलाला बाहेर ठेवतो तसाच ऊसतोड कामगाराच्या मुलीलाही ठेवतो.

मोठा पैसा कसा चालतो हे आपण सहा वर्षं पाहिलं. 2018 पासून निवडणूक रोखे आले. हजाराचा रोखा होता, कोटीचाही होता, आणि देणाऱ्याचं नाव मतदाराला कळणार नाही अशी सोय होती. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. मार्चमध्ये स्टेट बँकेची माहिती बाहेर आली तेव्हा दिसलं की बहुतेक सगळी रक्कम कोटी-कोटीच्या रोख्यांतून आली होती. हजाराचा रोखा शोभेला होता. रोखे गेले, बरं झालं. पण त्यांची जागा आपल्या शंभराच्या नोटेने घेतली नाही तर दुसरं काहीतरी घेईल.

शंभर रुपयांनी काय होतं? हिशेब करू. पाच हजार माणसांनी शंभर दिले तर पाच लाख होतात. महाराष्ट्रात एका मतदारसंघात सरासरी तीन लाखांवर मतदार आहेत. पाच लाखांत अनामत रकमेचे दहा हजार, पत्रकं, दोन रिक्षा-भोंगे, छोट्या सभांचे मंडप आणि कार्यकर्त्यांची दुपारची भाजी-भाकरी निघते. पाकिटं निघत नाहीत. निघू नयेतच.

आणि हे नवीन काही नाही. 1988 मध्ये अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत कांशीराम 'एक नोट, एक वोट' म्हणत झोपडपट्ट्यांतून फिरले. ती निवडणूक विश्वनाथ प्रताप सिंह जिंकले, कांशीराम हरले. पण ज्याने दोन रुपये दिले, तो मत दुसऱ्याला विकायला सहसा तयार होत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं आणि पुढचं राजकारण त्यांनी त्यावर उभं केलं. आपल्याकडे शिरोळ-हातकणंगल्याच्या शेतकऱ्यांनी राजू शेट्टींच्या पदरात मत आणि नोट दोन्ही टाकली. 2004 ला ते विधानसभेत गेले, 2009 ला लोकसभेत. 2017 मध्ये गुजरातेत वडगाममधून जिग्नेश मेवाणी अपक्ष म्हणून, लोकांच्या पैशांवर उभे राहिले आणि जिंकले. दलित आणि मुस्लिम मतदार तिथे एकत्र आले होते.

फक्त जिंकलेल्यांची नावं सांगितली तर ती फसवणूक होईल. 2019 मध्ये बेगुसरायला कन्हैया कुमार यांच्यासाठी लोकवर्गणीतून सत्तर लाख जमले. तेव्हाची लोकसभेची कमाल मर्यादा तेवढीच होती, म्हणून वर्गणी थांबवावी लागली. ते मोठ्या फरकाने हरले. शेट्टीही 2019 ला हरले, 2024 ला पुन्हा हरले. मणिपूरमध्ये सोळा वर्षं उपोषण केलेल्या इरोम शर्मिला 2017 मध्ये उभ्या राहिल्या, त्यांना नव्वद मतं पडली. तेव्हा तुमचे शंभर रुपये बुडू शकतात. उमेदवाराची अनामत तर एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत की हमखास बुडते. तरी मी मागतो आहे.

आता रीत. प्रत्येक उमेदवाराला अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. पैसे त्याच खात्यात टाका. त्याच्या भावाच्या, पुतण्याच्या, ट्रस्टच्या नंबरवर नको. रोख दिलेत तर पावती घ्या. दहा हजारांपुढची रक्कम रोखीत घेता येत नाही, पण आपल्यातल्या फारच थोड्यांना ती अडचण येईल. उमेदवाराला खर्चाची वही ठेवावी लागते: पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोकडीची, पिवळी बँकेची. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब सादर करावा लागतो, आणि दर पानाला एक रुपया भरून त्याची प्रत कुणालाही मागता येते. मागा. तुमचे शंभर रुपये त्यात दिसतात का पाहा. आधी त्याचं शपथपत्रही वाचा. मालमत्ता, कर्ज, गुन्हे सगळं आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. डहाणूचे विनोद निकोले यांनी 2019 च्या शपथपत्रात सगळी मिळून एकावन्न हजारांची मालमत्ता दाखवली होती आणि तरी ते आमदार झाले, हे मला त्या कागदांमुळेच माहीत आहे.

उत्साहाच्या भरात स्वतःच्या पैशाने पोस्टर छापू नका. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं गुन्हा आहे; जुन्या दंडसंहितेत कलम 171-एच होतं, नव्या न्याय संहितेत 176 आहे. सूट आहे ती दहा रुपयांपर्यंत, तीही दहा दिवसांत लेखी मंजुरी घेतली तर. दहा रुपयांत आता कटिंगसुद्धा मोजून मिळतं. प्राप्तिकराच्या सवलतीची आशाही ठेवू नका. ती राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीवर आहे, उमेदवाराला दिलेल्या नाही.

आखातातले आमचे रत्नागिरी-रायगडचे वाचक नेहमी विचारतात, आम्ही पाठवू का? पासपोर्ट भारतीय असेल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत जरूर पाठवा. ज्यांनी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं आहे, त्यांनी पाठवू नये. परदेशी पैसा उमेदवाराला घेता येत नाही, आणि अशी एक चूक सापडली की आपल्या माणसाच्या गळ्यात फास अडकवायला लोक टपलेलेच आहेत.

काही मित्रांनी जकातीचं विचारलं. नको. जकातीचे हकदार कुरआनात ठरलेले आहेत, उमेदवार त्यात बसत नाही. हे पैसे नागरिक म्हणून द्यायचे आहेत, घरखर्चातून. त्याच कारणाने मी 'आपल्या' उमेदवाराला द्या असं म्हणत नाही. धर्माच्या नावाने मत मागणं हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये त्याची व्याप्ती वाढवून उमेदवारासोबत मतदाराचा धर्मही त्यात आणला. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. तुमच्या भागात पाण्यासाठी, घरांसाठी, दंगलीनंतर दोन्ही गल्ल्यांत फिरून शांततेसाठी राबलेली बाई तुमच्या धर्माची नसेल. पैसे तिला द्या. देताना प्रश्नही द्या. 2014 मध्ये मुस्लिमांना पाच टक्के आरक्षणाचा वटहुकूम निघाला, उच्च न्यायालयाने शिक्षणापुरतं ते चालू दिलं, आणि वटहुकूम तसाच संपू दिला गेला. दहा वर्षं उलटून गेली. तुम्ही यावर सभागृहात उभे राहाल का, हे पाकीट घेतलेल्या माणसाला विचारता येत नाही. पावती फाडलेल्या माणसाला विचारता येतं.

एक गोष्ट उरली. ती मला अजून सुटलेली नाही, म्हणून मागे ठेवली होती. लोकसभेच्या वेळी मी एका उमेदवारासाठी बाजारात चंदा मागत फिरत होतो. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या चाचांनी लगेच गल्ल्यातून पाचशेची नोट काढली. मी पावतीपुस्तक उघडलं तसा त्यांनी हात धरला. "बेटा, पैसे घे. नाव नको लिहू." माझी अर्धी गिऱ्हाइकं दुसऱ्या बाजूची आहेत, ते म्हणाले, परवाना दर वर्षी नवा करावा लागतो, उद्या कुणी यादी घेऊन आलं तर? मी सांगितलं की नाव लिहिल्याशिवाय घेता येणार नाही. नोट गल्ल्यात परत गेली. मला पाव किलो खारी बांधून दिली, पैसे घेतले नाहीत.

रोख्यांच्या खटल्यात न्यायालयाने मान्य केलं होतं की माणसाची राजकीय पसंती ही त्याची खाजगी बाब आहे, मात्र मोबदल्यासाठी दिलेल्या पैशाला ही ढाल मिळणार नाही. प्रत्यक्षात काय झालं? कोटी देणाऱ्यांना सहा वर्षं पडदा मिळाला आणि पाचशे देणाऱ्या चाचांना पावतीची भीती वाटते. चाचांना मी भित्रे म्हणणार नाही. बुलडोझरच्या बातम्या तेही वाचतात. एकट्याचं नाव यादीत असलं तर ते दिसतं. मोहल्ल्यातली आणि शेजारच्या गल्लीतली मिळून चारशे नावं असली तर कुणाच्या दारात जाणार? ही चारशे नावं कुठून आणायची, हे मला अजून माहीत नाही. पहिली दहा-वीस आपल्यालाच द्यावी लागतील एवढं कळतं.

काल अम्मीला घेऊन आमच्या उमेदवाराच्या कचेरीत गेलो होतो. तिने पदराच्या गाठीतून एक्कावन्न रुपये काढले. पोराने माझं नाव लिहायला घेतलं तशी ती म्हणाली, "इसका क्यों? पैसे मेरे हैं, नाम मेरा लिखो." मग तिने चष्मा लावून स्पेलिंग तपासलं.

या शनिवारी मी बेकरीवर पुन्हा जाणार आहे. चाचांना सांगायला माझ्याकडे नवीन काही नाही. अम्मीची पावती तेवढी खिशात असेल, आणि या वेळी खारीचे पैसे देईन.