दुसऱ्या ऑपरेशनचा कौल कुणी द्यायचा?

ॲसिडिटीचं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या छातीत चार-पाच वर्षांनी पुन्हा जळजळ सुरू झाली, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘टाके सैल झाले असणार. पुन्हा घट्ट करून घ्या, म्हणजे कायमची कटकट मिटेल.’ दुसरा म्हणतो, ‘एकदा झालं ते पुरे. आता काही झालं तरी टेबलावर झोपायचं नाही.’ माझ्या मते दोघांचंही चुकतंय, आणि एकाच जागी चुकतंय. तपासणीच्या आधीच दोघे निकाल देऊन मोकळे झालेले असतात.

पहिल्या पक्षाला वाटतं, जळजळ होते म्हणजे ॲसिड वर येतंय, आणि ॲसिड वर येतंय म्हणजे टाके सुटलेत. यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या या शस्त्रक्रियेत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून टाके घालतात. तो वेढा सुटतो, घसरतो, कधी छातीत सरकतो, हे खरं आहे. पण वेढा जागच्या जागी असतानाही छाती जळू शकते. अन्ननलिकाच हळवी झालेली असते, जठर सावकाश रिकामं होत असतं, किंवा मूळ दुखणं अन्ननलिकेच्या हालचालीचं असतं आणि पहिल्या वेळीच ते ओळखलेलं नसतं. अशा माणसाचा वेढा पुन्हा आवळला, तर जळजळ राहतेच, वर घास अडकायला लागतो.

अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर झालेला आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे फार बोलका आहे. गोळीनं जळजळ थांबत नाही म्हणून आलेले ३६६ जण होते. ओमेप्राझोल दिवसातून दोनदा, जेवणाआधी वेळ पाळून दिल्यावर ४२ जणांना तेवढ्यानंच आराम पडला. ९९ जणांच्या जळजळीचा ॲसिडशी संबंधच निघाला नाही. सगळी चाळण लागून खऱ्या अर्थानं ॲसिडचे आणि गोळीला न जुमानणारे उरले ७८. अभ्यास दुसऱ्या ऑपरेशनचा नव्हता, पण नुसत्या जळजळीवर किती विसंबायचं, हे त्यातून पुरेसं कळतं.

म्हणून कौल द्यायचा तो चाचणीनं. एंडोस्कोपी आणि बेरियम पिऊन काढलेला एक्स-रे वेढा कुठे आहे ते दाखवतात, मॅनोमेट्री अन्ननलिकेचा जोर मोजते. सगळ्यात महत्त्वाची चोवीस तासांची पीएच चाचणी, आणि लोक टाळतात ती हीच. गोळी साधारण आठवडाभर आधी बंद करायची, नाकातून बारीक तार अन्ननलिकेत सोडायची, यंत्र कमरेला बांधायचं आणि घरी जाऊन भाकरी-भाजी, चहा, झोप, सगळं रोजच्यासारखं करायचं. छाती जळली की बटण दाबायचं. दुसऱ्या दिवशी दिसतं, की बटण दाबलं तेव्हा ॲसिड खरंच वर होतं का. पीएच चारच्या खाली सहा टक्क्यांहून जास्त वेळ राहिला, तर दोष सिद्ध झाला. घशात तार घेऊन वावरणं त्रासाचं आहे, त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागतं, हेही मान्य. पण दुसऱ्या ऑपरेशनपुढे तो त्रास काहीच नाही.

आता दुसरा पक्ष. त्यांची भीती निराधार नाही. दुसऱ्या वेळी जठर यकृताला आणि छाती-पोटामधल्या पडद्याला चिकटलेलं असतं, ते सोडवताना भोक पडू शकतं, व्हेगस नस दुखावू शकते, आणि यशाची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा कमी असते. तरीही ‘कधीच नाही’ हे उत्तर नव्हे. त्याच अभ्यासातल्या ७८ जणांत शस्त्रक्रियेनं ६७ टक्क्यांना गुण आला, औषधांनी फक्त २८ टक्क्यांना. छातीत सरकलेला वेढा कुठलीही गोळी खाली आणत नाही. रात्री आंबट पाणी घशाशी येऊन ठसका लागणाऱ्याला गोळीनं पाण्याचा आंबटपणा कमी होतो, पाणी यायचं थांबत नाही. अशा माणसाला ‘सोसा’ म्हणणं निर्दयपणाचं आहे.

मात्र वेढा ठीक असेल आणि गोळीनं भागत असेल, तर पुन्हा गोळी सुरू करण्यात हार कसली? स्वीडनमधल्या २,६५५ रुग्णांच्या पाहणीत सुमारे १८ टक्क्यांचा त्रास परतला. त्यांतले बहुतेक औषधांवर राहिले, सहापैकी साधारण एकानंच पुन्हा शस्त्रक्रिया करून घेतली. गोळीनं किडनी जाते, हाडं ठिसूळ होतात, या धास्तीपायी सुरी जवळ करणाऱ्यांनी हेही पाहावं: १७ हजारांहून अधिक लोकांना सुमारे तीन वर्षं पँटोप्राझोल किंवा खोटी गोळी देऊन तुलना केली, तेव्हा आतड्याच्या जंतुसंसर्गात थोडी वाढ सोडली, तर यांतलं काही वाढलेलं दिसलं नाही.

दोष सिद्ध झाला आणि ऑपरेशन ठरलं, तर आधी पहिल्या ऑपरेशनची सविस्तर नोंद मिळवा. डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ पुरत नाही. वेढा पूर्ण होता की अर्धवट, जाळी बसवली होती का, हे नव्या सर्जनला आत शिरण्याआधी कळायला हवं. आणि सर्जनला सरळ विचारा, ‘डॉक्टर, अशी दुसऱ्यांदाची ऑपरेशन्स तुम्ही वर्षाला किती करता?’ ज्याच्या हाताखालून ती नेहमी जातात, तो या प्रश्नानं दुखावत नाही.