व्यक्तिभेदाचा सिद्धांत आणि यकृताची सुरक्षितता

क्षयाचा एखादा रुग्ण आयसोनियाझिड सुरू झाल्यापासून काही आठवड्यांतच अन्नाला नाही म्हणू लागतो, त्याचे डोळे पिवळे दिसू लागतात. दुसरा रुग्ण त्याच मात्रेत सहा महिन्यांची चिकित्सा निर्वेधपणे पूर्ण करतो. मद्यपान, कुपोषण, वय, यकृताचा पूर्वीचा विकार ही कारणे आपण जाणतोच. पण एक कारण जन्माबरोबर आलेले असते. यकृतातील एनएटी-२ हे विकर, म्हणजेच एन्झाइम, आयसोनियाझिडचे व त्यापासून निर्माण होणाऱ्या विषारी घटकांचे अ‍ॅसिटिलीकरण करून ते शरीराबाहेर जाण्यायोग्य बनविते. ज्यांना वारशाने या विकराची मंद रूपे मिळाली आहेत, त्यांच्यात हे घटक अधिक काळ रेंगाळतात व यकृतास इजा होण्याची शक्यता वाढते. भारतीयांत असे मंदगती लोक निम्म्याहून अधिक आहेत. त्यांतील बहुसंख्यांना कावीळ होत नाही, हेही तितकेच खरे.

हे वाचून आपल्यापैकी अनेकांच्या मनात येईल की, प्रत्येक पुरुष पाहून औषध योजावे हे चरकाचार्यांनी सांगितलेच आहे. आम्हासही तसेच वाटले. पुण्यातील घोडके, जोशी व पटवर्धन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सीवायपी२सी१९ या विकराची शीघ्र रूपे पित्तप्रकृतीत व मंद रूपे कफप्रकृतीत अधिक आढळली, याचा आपणास सार्थ अभिमान आहे. मात्र हा सिद्धांत केवळ दुसऱ्यांच्या औषधांना लावून आपल्या औषधांना त्यातून वगळता येणार नाही.

हळदीविषयी लिहिताना आमचाही हात क्षणभर थबकला. स्वयंपाकघरातील चिमूटभर हळदीबद्दल आमचे काहीही म्हणणे नाही. प्रश्न आहे तो करक्युमिनच्या तीव्र अर्कयुक्त कॅप्सूलचा, ज्यात मिऱ्यातील पिपेरिन मिसळलेले असते. पिपेरिन यकृतातील ग्लुकुरोनिडेशन मंदावते. बंगळूर येथील १९९८ च्या प्रयोगात दोन ग्रॅम करक्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपेरिन दिल्यावर त्याची रक्तातील उपलब्धता सुमारे वीस पट वाढली. मरिच-पिप्पलीचा हा गुण आपण कौतुकाने सांगतो. परंतु विषनिर्हरणाची वाटच आपण अरुंद करीत असतो, हे सांगावयाचे राहून जाते. अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीच्या उत्पादनांशी संबंधित दहा रुग्णांचा वृत्तांत दिला. त्यांपैकी सात जणांत एचएलए-बी*३५:०१ हे जनुकरूप होते व एक रुग्ण दगावला. हे जनुक विकराचे नव्हे, प्रतिकारसंस्थेचे आहे. तरीही व्यक्तिभेद तो व्यक्तिभेदच.

२०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा आपल्या क्षेत्रातून एकच उत्तर आले : वनस्पतीची ओळख चुकली असावी. गुळवेलीच्या दोन जातींची सरमिसळ होते, ही अडचण खरी आहे व औषधनिर्मात्यांनी ती मनावर घ्यावयास हवी. पण 'आमचे औषध सर्वांना निरुपद्रवी' हे वाक्य आयुर्वेदाचे नव्हे, जाहिरातीचे आहे. ज्या शास्त्रात अमृतही अयुक्तीने विष ठरते, त्याच्या अभ्यासकाने ते उच्चारू नये.

जनुकतपासणी आपल्या चिकित्सालयात आज शक्य नाही, आणि तिची वाट पाहण्याचेही कारण नाही. रुग्णपत्रिकेवर चालू औषधे, पूर्वीची कावीळ, कुटुंबातील कोणास कोणते औषध बाधले, एवढे लिहावयास दोन मिनिटे लागतात. यकृतासाठी म्हणून बाटली मागणाऱ्या ग्राहकास क्षयाच्या गोळ्या चालू आहेत का, हे दुकानदारांनी विचारल्याखेरीज ती देऊ नये. मळमळ, गडद लघवी वा डोळ्यांत पिवळेपणा असल्यास काढ्याचा विचार बाजूला ठेवून, रुग्णास त्याच दिवशी यकृताच्या तपासणीसाठी त्याच्या क्षयचिकित्सकाकडे पाठवावे. औषध आपलेच असल्यास त्याचा बॅच क्रमांक टिपून घ्यावा व संशयित दुष्परिणाम आयुष औषधसतर्कता केंद्रास कळवावा.