व्हिसाचा कागद आणि आपली सही

मागील महिन्यात आमचा एक जुना विद्यार्थी मिठाई घेऊन घरी आला. कतारमध्ये काम मिळाले, असे तो आनंदाने सांगत होता. आम्ही कागद पाहावयास मागितला. कागद अरबी व इंग्रजीत होता. व्हिसा तीस दिवसांच्या भेटीचा होता आणि पगाराचा त्यात एक शब्दही नव्हता. "गुरुजी, आधी पाहुणा म्हणून या, मग तेथे सर्व बदलून घेऊ, असे एजंट म्हणाला," असे त्याचे उत्तर आले. सही मात्र त्याने केव्हाच करून टाकली होती.

या प्रसंगाने आम्ही बेचैन झालो, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

कतार हा देश लहान, परंतु तेथे जाण्याची कारणे आता अनेक आहेत. दोहा शहरातील 'एज्युकेशन सिटी' येथे अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांच्या शाखा आहेत. वेल कॉर्नेलची वैद्यकीय शाखा २००१ साली, कार्नेगी मेलन २००४ साली, जॉर्जटाउन २००५ साली व नॉर्थवेस्टर्न २००८ साली तेथे आली. कोणी शिकण्यास जातो, कोणी विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीच्या योजनेत एका सत्रापुरता जातो, तर कोणी जहाजावर रुजू होण्यासाठी दोह्याच्या विमानतळावर उतरून थेट बंदर गाठतो. प्रत्येकाचा व्हिसा तात्पुरता असतो आणि प्रत्येकाचा वेगळा असतो.

हा फरक आपल्या मुलांनी नीट समजून घ्यावा. तात्पुरता व्हिसा म्हणजे त्या देशाने एका ठराविक कामासाठी व ठराविक मुदतीसाठी दिलेली परवानगी. त्यामागे कोणीतरी जामीनदार उभा असतो. विद्यार्थ्यासाठी त्याची शिक्षणसंस्था उभी राहते, खलाशासाठी जहाज कंपनीचा बंदरातील प्रतिनिधी. म्हणून संस्थेचे प्रवेशपत्र हाती नसताना शिक्षणाच्या व्हिसाची बोलणी करणारा माणूस आपणांस फसवीत आहे, असे खुशाल समजावे. भेटीच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. पकडला जातो तो काम करणारा. एजंट आपल्या घरी सुखात असतो.

संस्थेचीही चौकशी करावी. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने आपली दोह्यातील शाखा २०२८ पर्यंत बंद करण्याचा निर्णय २०२४ साली घेतला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजची शाखा २०२० साली बंद झाली. चार वर्षांचा अभ्यासक्रम धरणाऱ्याने, ही शाखा चार वर्षे राहणार ना, हा प्रश्न आधीच विचारलेला बरा.

नियमही बदलत असतात. २०२२ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या वेळी 'हय्या' नावाचे ओळखपत्र हाच प्रेक्षकांचा प्रवेश परवाना होता. पुढे त्याच नावाने व्हिसाचे अर्ज घेतले जाऊ लागले. म्हणून शेजाऱ्याचा मुलगा दोन वर्षांपूर्वी कसा गेला, यावर विसंबू नये.

पासपोर्ट स्वतःजवळ ठेवावा. कतारच्या २०१५ च्या कायद्यानुसार कामगाराचा पासपोर्ट त्याच्या इच्छेविरुद्ध अडकवून ठेवणाऱ्या मालकास २५,००० रियालपर्यंत दंड होऊ शकतो. देश सोडण्यासाठी मालकाची परवानगी लागण्याची अटही २०१८ व २०२० साली बहुतेक कामगारांसाठी उठविण्यात आली. कायदा आपल्या बाजूचा आहे. परंतु ज्यास तो ठाऊक नाही, त्यास त्याचा काय उपयोग?

आणखी एक गोष्ट. २०१९ साली मुंबईचे एक जोडपे दोह्याच्या विमानतळावर पकडले गेले. एका नातेवाइकाने सोबत दिलेल्या पुडक्यात अमली पदार्थ निघाला. दहा वर्षांची शिक्षा झाली. २०२१ साली न्यायालयाने दोघांना निर्दोष ठरविले, पण तोवरचे दिवस तुरुंगात गेले. दुसऱ्याचे पुडके, मग ते सख्ख्या मावशीचे का असेना, उघडून पाहिल्याशिवाय नेऊ नये.

आपल्या समाजास हे सांगण्याचे विशेष कारण आहे. आपले पूर्वज कोकणातून मुंबई बंदरावर आले आणि न वाचता येणाऱ्या कराराच्या कागदावर त्यांनी अंगठा उठविला. त्यालाच आपण गिरमिट म्हणतो. १८६७ च्या कायद्याने या बेटावर त्यांना छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसल्यास अटक होत असे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात ती छायाचित्रे आजही आहेत. त्या चेहऱ्यांकडे पाहावे. त्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांचा दोष नव्हता. आपण तर तीन-चार भाषा वाचतो. मग आपली सही अंगठ्यासारखी का व्हावी?

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मंडळीने महिन्यातून एका रविवारी तासभर काढावा. निवृत्त शिक्षक, कारकून, जहाजावर काम केलेले बंधू यांनी बसावे आणि परदेशी जाणाऱ्या मुलामुलींचे कागद त्यांच्यासोबत वाचावेत. काम कोणते, मुदत किती, जामीनदार कोण, पगार किती, परतीचे तिकीट कोणाचे, हे पाच प्रश्न पुरेत. उत्तर कागदावर नसेल तर सही करू नये.

आमच्या त्या विद्यार्थ्याने कामाचा रीतसर व्हिसा लेखी मागितला आहे. अद्याप उत्तर नाही. तो अजून घरीच आहे आणि त्याच्या आईचा आमच्यावर थोडा राग आहे. त्या माउलीचा राग आम्ही सोसू. तिचा मुलगा परक्या देशात अडकला असता, तर ते सोसणे आम्हांला जमले नसते.