पलटणीतल्या घरांचे प्रवासवर्णन कोण लिहिणार?

(द्वितीय वर्ष, कला)

देशाटनाने माणसाला शहाणपण येते, असे आपण प्राथमिक शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु हे देशाटन करायचे कोणी? आमच्या माळशिरस तालुक्यातल्या शेतकरी आणि शेतमजुरांच्या घरातून माणूस गावाबाहेर पडतो तो ठरलेल्या कारणांनीच. आषाढीला पंढरीची वारी, पोटासाठी मुंबई-पुण्याची वाट, नाहीतर पलटण. निव्वळ पाहण्यासाठी प्रवास करणे ही आमच्याकडे अजूनही चैन समजली जाते. "शिकायला धाडलंय, फिरायला न्हाई," हे वाक्य माझ्याप्रमाणेच अकलूजच्या कॉलेजात एस.टी.ने येणाऱ्या अनेक मैत्रिणींनी घरी ऐकले असेल. मला हा विचार मान्य नाही. पाहण्याची भूक पोट भरल्यावरच लागते असे नाही. आणि आपल्यासारख्या घरांतून ती भूक कोणी भागवली असेल, तर ती पलटणीत गेलेल्या जवानांच्या कुटुंबांनी. दुर्दैव एवढेच की, त्यांच्या प्रवासाला आपण प्रवास म्हणत नाही.

युरोप आम्ही पाहिला तो पुस्तकातून. पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० साली प्रसिद्ध झाले, आणि लंडन-पॅरिस मराठी माणसाच्या घरात आले. या पुस्तकाने मलाही भरपूर आनंद दिला आहे. परंतु आमच्यासारख्या खेड्यांतली माणसे त्याच्या कितीतरी आधी युरोपात जाऊन आली होती, हे आपल्या लक्षात राहत नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर सुमारे ५० हजार हिंदी सैनिक लढले, आणि त्यांत मराठा पलटणीही होत्या. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तेथे धारातीर्थी पडले. वय अवघे २२ वर्षांचे. नगर जिल्ह्याचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी गोळ्यांच्या वर्षावात जखमी साथीदारांना वाचवले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोंतोने गावात घाडगे यांच्या स्मरणार्थ २०२३ साली सूर्यघड्याळाचे स्मारक उभारण्यात आले. सांग्रो नदीकाठच्या युद्धस्मशानात, ज्यांचे तेथेच दहन झाले अशा शेकडो हिंदी जवानांची नावे कोरलेली आहेत.

या जवानांनी काय पाहिले असेल? द्राक्षांचे मळे पाहिले असतील, बर्फ पाहिला असेल, आपल्यासारखीच नांगरणारी गोरी माणसे पाहिली असतील. पण आमच्या अभ्यासक्रमात अशा जवानाचे एकही प्रवासवर्णन मला भेटले नाही. पुष्कळांना लिहिता येत नव्हते. दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यावे, तर ते आधी सरकारी अधिकारी उघडून वाचणार! पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये असलेल्या हिंदी जवानांच्या पत्रांचे उतारे आज लंडनमध्ये जपलेले आहेत. ते उरले कशामुळे? तर पत्रे तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्यांची इंग्रजीत भाषांतरे करून ठेवली म्हणून. संशयापोटी का होईना, सरकारने ती जपली. आपण मायेपोटीसुद्धा काही जपले नाही!

शिवाय हे जवान एकटे गेले. बायका-पोरे गावीच राहिली. याउलट १९४५ नंतर जर्मनीत तळ देऊन राहिलेल्या अमेरिकन सैन्याकडे पाहा. १९४६ पासून त्यांची कुटुंबे तेथे येऊ लागली. त्यांच्यासाठी घरे झाली, शाळा झाल्या, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी गार्मिश येथे सैन्याने विश्रामस्थानही चालवले. सुट्टी मिळाली की बाप मोटारीत मुले घालून रोम, पॅरिस दाखवून आणी. जिंकलेल्या देशात राहणाऱ्याची ही ऐट आहे, हे खरे. तशी ऐट आपल्याला नको. पण त्या मुलांच्या आठवणी वाचल्या जातात, आणि आपल्या जवानांच्या मुलांच्या आठवणी कोणी विचारतही नाही, ही गोष्ट मात्र मनाला लागते.

आपला जवान आजही समुद्रापार जातो. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून काँगो, दक्षिण सुदान, लेबनॉन अशा ठिकाणी भारतीय सैनिक गेले आहेत. तेथेही तो एकटाच असतो. कुटुंब बरोबर नेण्याचे भाग्य लाभते ते देशातल्या छावणीत, शांत ठिकाणी बदली झाली आणि क्वार्टर मिळाली तरच. ती दोन-तीन वर्षे म्हणजेच आमच्या माणसांचे 'युरोप'!

माझे मामा मराठा पलटणीत हवालदार होते. मामी सातवी शिकलेली. लग्नापूर्वी तिने पंढरपूरच्या पलीकडे काही पाहिले नव्हते. मामांची बदली जालंधरला झाली, तेव्हा ती दोन मुलांना घेऊन तेथे तीन वर्षे राहिली. क्वार्टरच्या एका बाजूला गढवाली कुटुंब, दुसऱ्या बाजूला तमिळ. सुट्टी मिळाली की मामा सर्वांना घेऊन निघत. त्यांनी सुवर्णमंदिर पाहिले, तेथल्या लंगरमध्ये मामीने पोळ्या लाटल्या. १३ एप्रिल १९१९ रोजी ज्या भिंतींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या जालियनवाला बागेच्या भिंतीतली भोके मुलांनी बोटांनी दाखवली. गावी येताना रात्री गाडी पानिपतला थांबली, तेव्हा मामांनी झोपलेल्या मुलांना उठवून फलाटावरची पाटी वाचायला लावली. इतिहासाच्या पुस्तकात मी १४ जानेवारी १७६१ ही तारीख पाठ केली. माझ्या मामेभावाने ती पेंगुळलेल्या डोळ्यांनी पाहिली.

पण या सर्वांहून मोठी गोष्ट आहे घुमानची. गुरुदासपूर जिल्ह्यातल्या या गावी संत नामदेवांनी आयुष्याची अखेरची वर्षे काढली, असे तिकडची परंपरा मानते. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन तेथे भरले, तेव्हा कुठे आपल्यातल्या अनेकांना ते नाव कळले. मामी तेथे गेली, ती कोणत्याही संमेलनाच्या निमंत्रणाशिवाय. पंढरपूरच्या शेजारच्या गावची आहे असे सांगताच एका वृद्ध शीख बाईने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

मामांची बदली सीमेवर झाली आणि मामी मुलांसह गावी परतली. गावाने तिचे स्वागत कसे केले? "लई हिंडून आली बया!" या शब्दांत. तिने हिंदीत दोन शब्द बोलले तर हसू, डोक्यावरचा पदर घसरला तर कुजबुज. ती हळूहळू बोलेनाशी झाली. एकदाच ती घुमानचे सांगत होती. माझी माळकरी आजी नाक मुरडत ऐकत होती. नामदेवांचे नाव येताच तिने हात जोडले आणि विचारले, "तिथं बी पायरी हाय का गं?" मामी म्हणाली, "न्हाई आत्या, तिथं त्याचंच देऊळ हाय." आजी बराच वेळ गप्प होती. आपल्या विठ्ठलाच्या दारातली पायरी होऊन राहिलेला नामदेव दूर देशी लोकांचा 'बाबा' झाला आहे, हे तिला कोणत्याही ग्रंथाने सांगितले नव्हते. सातवी शिकलेल्या सुनेने सांगितले! राष्ट्रीय एकात्मतेवर आपण वक्तृत्व स्पर्धेत टाळ्या घेतो. हीच ती एकात्मता नव्हे काय?

कोणी म्हणेल, यात सगळेच गोड नाही. मान्य आहे. माझ्या मामेभावाच्या तीन शाळा बदलल्या, त्याचे मराठी वाचन कच्चे राहिले. पुष्कळ जवानांच्या पत्नींना क्वार्टर मिळतच नाही. त्या शेत, म्हातारी माणसे आणि फोनची वाट, यांतच वर्षे काढतात. हेही लिहिले गेले पाहिजे. मी प्रवासाची आरती ओवाळायला बसलेली नाही.

दुसरा आक्षेप असा की, साध्या माणसांच्या आठवणींना वाङ्मय कसे म्हणावे? यावर एकच दाखला देते. वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले ते दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून. सत्तावनच्या बंडात सापडले, १८५८ साली झाशीच्या वेढ्यात जीव मुठीत धरून राहिले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला, आणि आज तो मराठीतला अमोल ग्रंथ मानला जातो. ते काही प्रेक्षणीय स्थळे पाहायला निघाले नव्हते. पोटासाठी निघालेल्या माणसालाही डोळे असतात, आणि ते डोळे कधी कधी अधिक खरे पाहतात!

म्हणून मित्रहो, माझी एक साधी सूचना आहे. आपल्या प्रत्येकाच्या गावात पलटणीतले एखादे घर आहेच. दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन तेथे बसावे. माजी सैनिकाला लढाईचे सगळेच विचारतात, आपण त्यांच्या घरातल्या बाईला विचारावे: तुम्ही कुठे राहिलात, काय पाहिलेत, शेजारीण कोण होती, परत आल्यावर काय झाले? जसे सांगतील तसे, त्यांच्याच बोलीत उतरवावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडतो तसे हेही एक काम हाती घ्यावे, आणि मराठी विभागातील प्राध्यापकांनी आम्हांला ते कसे करावे हे शिकवावे. या वार्षिकांकाची आठ-दहा पाने दरवर्षी त्यासाठी राखून ठेवावीत, अशी संपादक मंडळाला विनंती आहे.

आपल्या घरांत लिहिणारी आपलीच पहिली पिढी आहे. आईवडिलांनी, मामा-मामींनी जे पाहिले ते त्यांच्याबरोबर जाऊ द्यायचे की कागदावर ठेवायचे, हे आता आपल्या हातात आहे. कॉलेजच्या सहलीला मला गेल्या वर्षी घरून परवानगी मिळाली नाही. यंदा मामीने माझ्या वडिलांकडे शब्द टाकला आहे. उत्तर अजून यायचे आहे. ते काहीही येवो, मामीची वही मात्र मी सुरू केली आहे, आणि तिची पहिली चौदा पाने जालंधरच्या क्वार्टरची आहेत.